दोन शिलिंग आठ पेन्सांची गोष्ट

एप्रिल महिना. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले आहेत, निकालपत्रके भरायची आहेत, आणि शिक्षक-खोलीतल्या टेबलावर एका मुलाचे गुण अडून बसले आहेत. गणितात एकतीस. काठावर यायला चार कमी. मूल गरीब घरातले, स्वभावाने चांगले. ते पास झाले तर वर्गाचा निकालही शंभर टक्के लागतो. शेजारून कोणीतरी म्हणते, "द्या हो चार गुण. आपल्या खिशातून काय जातंय?"

हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. अशा वेळी कोण काय करतो, याची झडती आम्हाला इथे घ्यायची नाही. पण आपल्या खिशातून जात नसेल, तर मग कोणाच्या खिशातून जाते, हे विचारण्याजोगे आहे.

शिक्षकाच्या व्यवसायनीतीचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा गुरुपौर्णिमेची भाषा सुरू होते. शिक्षक हा दीपस्तंभ आहे, तो समाजाचा शिल्पकार आहे, वगैरे. त्या भाषेत मान पुष्कळ मिळतो, पण एकतीसचे पस्तीस करावेत की नाही, हे काही तिच्यातून कळत नाही. म्हणून या लेखात आम्ही उपदेशाच्या वाटेला न जाता एक इतिहास सांगणार आहोत. एका देशाने शिक्षकाच्या नोंदीला रोख किंमत ठरवून दिली आणि ती पद्धत पस्तीस-एक वर्षे चालवली. त्यातून काय झाले, हे तिथल्या सरकारी अहवालांतच लिहून राहिले आहे. तो देश म्हणजे इंग्लंड. पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली.

पैसे द्यायचे, पण कशाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील गोरगरिबांच्या मुलांच्या शाळा प्रामुख्याने चर्चशी संबंधित संस्था चालवीत. सरकारने त्यांना पहिल्यांदा पैसे दिले ते १८३३ मध्ये, वीस हजार पौंड. पुढे ही मदत वाढत गेली. १८४६ पासून प्रशिक्षित शिक्षकांना आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या 'विद्यार्थी-शिक्षकां'ना सरकारी मदत मिळू लागली. १८६०च्या सुमारास हा सगळा खर्च आठ लाख पौंडांच्या घरात पोचला. त्यात क्रिमियाच्या युद्धाचा बोजा खजिन्यावर पडलेला होता. एवढ्या पैशांतून निष्पन्न काय होते, असे पार्लमेंटात विचारले जाऊ लागले.

प्रश्न गैर नव्हता. १८५८ मध्ये न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला आणि १८६१ मध्ये त्याचा अहवाल आला. शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांकडे लक्ष देतात, खालची मुले तशीच राहतात, आणि बहुसंख्य मुले नीट लिहा-वाचायला येण्याआधीच शाळा सोडून कामाला लागतात, असे या आयोगाला आढळले. तेव्हा प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी आणि अनुदानाचा काही भाग त्या परीक्षेवर ठेवावा, अशी शिफारस त्याने केली.

शिक्षणखात्याची सूत्रे त्या वेळी रॉबर्ट लो यांच्याकडे होती. त्यांनी या शिफारशीला हिशेबी वळण दिले. ही पद्धत स्वस्त पडली नाही तर ती कार्यक्षम असेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल, असा त्यांचा पार्लमेंटातला युक्तिवाद होता. १८६२ मध्ये 'सुधारित संहिता' लागू झाली. 'निकालाप्रमाणे अनुदान' या नावाने ती पुढे ओळखली गेली.

तिचा हिशेब असा होता. शाळेला सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग मिळत. याखेरीज सहा वर्षांवरील ज्या मुलाच्या वर्षात दोनशेहून अधिक हजेऱ्या भरतील (सकाळची व दुपारची हजेरी वेगळी धरली जाई), त्याला सरकारी तपासनिसापुढे परीक्षेला बसवता येई. वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्हींत ते मूल उत्तीर्ण झाले की आणखी आठ शिलिंग. एका विषयात नापास झाले की त्या आठांतून एक तृतीयांश कापले जाई. आठ शिलिंगांचा एक तृतीयांश म्हणजे दोन शिलिंग आठ पेन्स.

साठ मुलांची एक शाळा आपण उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक मूल फक्त अंकगणितात नापास झाले, तर शाळेचे १६० शिलिंग, म्हणजे आठ पौंड बुडाले. आता अनुदान शिक्षकाच्या हाती न येता शाळेच्या चालकांकडे जात असे, आणि पुष्कळ चालकांनी शिक्षकाचा पगार या अनुदानाशीच बांधून टाकला. त्यामुळे साठ मुलांचे अंकगणित हा शिक्षकाच्या घरच्या चुलीचाच प्रश्न झाला.

परीक्षेचा दिवस

परीक्षेसाठी सहा इयत्ता ठरवून दिल्या होत्या. पहिलीच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची साधी गोष्ट वाचायची, श्रुतलेखनाने अक्षरे काढायची, लहान संख्यांची बेरीज-वजाबाकी तोंडी करायची. सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातला एक साधा परिच्छेद वाचायचा आणि दुकानाच्या बिलासारखे हिशेब करायचे. कागदावर यात वावगे काही नाही. कोणत्याही मुलाला एवढे यावे, असे आपणही म्हणू.

पण परीक्षा वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, आणि शाळेने वर्षभर शिकवलेल्याच पुस्तकातून व्हायची. मग त्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कशाला हाती घ्यायचे? तेच धडे इतक्या वेळा म्हणून घेतले जात की मुलांना ते तोंडपाठ होत. तपासनिसाने पुस्तक उघडून बोट ठेवले की मूल धडाधडा म्हणून दाखवी. ते वाचते आहे की आठवते आहे, हे पास-नापासच्या रकान्यात उमटत नसे.

हुशार मुलांचे नुकसान वेगळ्या तऱ्हेने झाले. जे मूल सप्टेंबरातच आपल्या इयत्तेपुरते तयार होई, त्याच्यावर आणखी मेहनत घेऊन एक पेन्सही जास्त मिळणार नव्हता. ते मूल उरलेले वर्ष नुसते बसून राही, आणि शिक्षक काठावरच्या मुलांना घोकवीत बसे. वरच्या मुलांना झुकते माप मिळते म्हणून ही योजना आली होती. तिने मधल्या आणि खालच्या मुलांकडे लक्ष वळवले खरे, पण ते त्यांना शिकवण्यासाठी की त्या दिवसापुरते उभे करण्यासाठी, हा भेद तिच्यापाशी नव्हता.

आता हजेरीपत्रकाकडे वळू. एखाद्या मुलाच्या १९४ हजेऱ्या झाल्या आहेत. त्या मुलाला वाचता येते, लिहिता येते, गणितही येते. पण दोनशेचा आकडा ओलांडला नाही तर त्याला परीक्षेला बसवता येत नाही आणि वर्षभराच्या कष्टाचे आठ शिलिंग जातात. सात ठिकाणी 'ग' पुसून 'ह' केले तर? खोटी हजेरी लावल्याच्या तक्रारी या पद्धतीला सुरुवातीपासून चिकटलेल्या आहेत. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांना पांघरुणात गुंडाळून शाळेत आणल्याचे उल्लेखही त्या काळच्या आठवणींमध्ये येतात.

आपण हे वाचून नाक मुरडू नये. पटावर पदे अवलंबून असतात, पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, हे आपल्याला नवे नाही. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्रात एकाच वेळी सर्व शाळांतील मुले मोजण्याची पटपडताळणी करावी लागली, ती पटावरच्या नावांवर विश्वास उरला नाही म्हणूनच.

विज्ञानाचे काय झाले?

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या इतिहासातला आणखी एक धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुधारित संहिता येण्यापूर्वीच्या वीस वर्षांत इंग्लंडच्या काही खेडेगावांतून विज्ञानशिक्षणाचे फार सुंदर प्रयोग चालले होते. हॅम्पशायरमधील किंग्ज सॉम्बोर्न या गावी रिचर्ड डॉज या धर्मगुरूंनी १८४२ मध्ये शाळा सुरू केली. घरातल्या, शेतातल्या, रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंवरून तिथे शेतमजुरांच्या मुलांना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवले जाई. सफक परगण्यातील हिचम या गावी जॉन हेन्स्लो मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवीत. हे हेन्स्लो म्हणजे केंब्रिजचे प्राध्यापक, चार्ल्स डार्विनचे गुरू. त्यांच्यामुळेच डार्विनला 'बीगल' जहाजावरच्या सफरीची संधी मिळाली. हिचमची मुले बांधावरून रानफुले गोळा करून आणत, त्यांचे भाग मोजत आणि त्यांचे वर्गीकरण करत.

हेन्स्लो १८६१ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी नवी संहिता आली. रानफुलातल्या पुंकेसरांना तिच्यात एक पेन्सही किंमत नव्हती. विज्ञान शिकवू नका, असे कोणीही सांगितले नाही. त्यासाठी फक्त पैसे ठेवले नाहीत. तेवढ्याने 'रोजच्या वस्तूंचे विज्ञान' वर्गातून मागे हटले. पुढे काही वर्षांनी ज्यादा विषयांसाठी थोडे अनुदान देण्यात आले, पण मधल्या काळात जी परंपरा तुटली ती सहजी जोडता आली नाही.

तपासनिसाचे डोळे

हे सारे पाहणाऱ्यांत एक तपासनीस होते मॅथ्यू आर्नल्ड. कवी आणि समीक्षक म्हणून ते आपल्या ओळखीचे आहेत, पण १८५१ पासून १८८६ पर्यंत तब्बल पस्तीस वर्षे त्यांनी शाळातपासणीची नोकरी केली. संहितेचा मसुदा येताच १८६२ मध्ये त्यांनी तिच्याविरुद्ध निनावी लेख लिहिला. निनावी अशासाठी, की लो हे त्यांचे वरिष्ठ होते. पुढे मात्र त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतून, स्वतःच्या सहीने, तेच सांगितले. युरोपातील शाळा पाहून परतल्यावर इंग्लंडच्या शाळांतील जिवंतपणा गेलेला त्यांना जाणवला. चतुराईने तयारी करून घेतली तर वाचन-लेखन-गणित खऱ्या अर्थाने न येताही मुलांना या परीक्षेतून पार करता येते, असे त्यांनी १८६९ च्या सुमारास नोंदवले.

या वाक्याचा पुढचा अर्थ आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. पोपटपंचीने मिळवलेला, किंवा हजेरीत फिरवाफिरव करून मिळवलेला प्रत्येक 'पास' वरच्या कार्यालयात पोचला की आकडा होत असे. आणि आकडे तर चांगलेच दिसत. उत्तीर्णांचे प्रमाण चांगले म्हणजे योजना चांगली. ज्या शिक्षकांना ती नकोशी होती, त्यांच्याच हातच्या नोंदी तिच्या बाजूने साक्ष देत राहिल्या. पगार कापला जाऊ नये म्हणून केलेल्या लहान लहान लबाड्यांनी तो पगार कापणारी पद्धत टिकवायला हातभार लावला.

खोट्या नोंदीचा हा दुहेरी परिणाम आहे. ती मुलाची अडचण झाकते, आणि ती अडचण निर्माण करणारा नियमही झाकते.

मग ती पद्धत गेली कशी? तिच्याविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्यांमुळे. १८७० मध्ये प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 'निकालाप्रमाणे अनुदान' बंद करणे ही तिची एक प्रमुख मागणी होती. १८८६ ते १८८८ या काळात क्रॉस आयोगाने साक्षी घेतल्या, तेव्हा या पद्धतीचे दुष्परिणाम पुन्हा नोंदले गेले. १८९० च्या नियमावलीने तिचा कणा मोडला, १८९५ मध्ये वार्षिक परीक्षेऐवजी शाळेची सर्वसाधारण पाहणी आली आणि १८९७ पर्यंत उरलेसुरले अवशेषही संपले. एडमंड होम्स नावाच्या निवृत्त मुख्य तपासनिसाने १९११ मध्ये पुस्तक लिहून या साऱ्या काळाचा हिशेब मांडला. त्याचे म्हणणे असे, की तेहतीस वर्षे शिक्षकाला यंत्रासारखे वागवले गेले आणि त्याने मुलांना तसेच वागवले. पद्धत कागदावरून गेली तरी हाताला लागलेली सवय त्यानंतरही बरीच वर्षे राहिली.

मुंबई इलाख्यात

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले. त्या अनुदानासाठी निरनिराळ्या प्रांतांनी निरनिराळ्या पद्धती स्वीकारल्या. मुंबई इलाख्याने १८६०च्या दशकात जी निवडली ती इंग्लंडमधली ताजी पद्धत, निकालाप्रमाणे अनुदान. परीक्षेच्या दिवशी दिपोटी गावात येणार म्हणून शाळा सारवून, मुलांना अंघोळी घालून, पाढे घोकवून तयार ठेवण्याची जी चित्रे आपल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात येत, त्यांना ही पार्श्वभूमी आहे. १९०४ मध्ये कर्झनच्या काळात शिक्षणधोरणाचा सरकारी ठराव झाला, तेव्हा ही पद्धत सोडून देण्याचे ठरले.

मध्यंतरी १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला होता. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन दिले. त्यातील प्राथमिक शिक्षणाचा भाग बहुतेकांना माहीत असतो, पण शिक्षक आणि तपासणी यांविषयी त्यांनी जे लिहिले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

जोतीरावांनी एकीकडे मागितले ते शिक्षकाला नीट पगार. प्रशिक्षित शिक्षकाला कमीत कमी बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा ते वीस. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, लोकांत मिसळणारा असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरणारा असावा, असेही त्यांनी म्हटले. दुसरीकडे त्यांनी तपासणीची पद्धत अपुरी असल्याचे सांगितले. दिपोटी वर्षातून एकदा येतो त्याचा उपयोग फारसा होत नाही. शाळा निदान तीन महिन्यांनी तपासल्या जाव्यात, आणि शिवाय आगाऊ वर्दी न देता मधून मधून पाहिल्या जाव्यात.

हे दोन्ही एकाच माणसाने, एकाच निवेदनात मागितले आहे. जोतीरावांनी १८४८ पासून स्वतः शाळा चालवल्या होत्या. सजवलेला दिवस आणि रोजचा दिवस यांतला फरक त्यांना ठाऊक होता. शिक्षकाचे पोट भरलेले असावे आणि त्याच्या कामाकडे खरोखर पाहिले जावे, या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकमेकींविरुद्ध नव्हत्या.

खोडरबराच्या खुणा

हा झाला जुना इतिहास, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते. पण एकविसाव्या शतकात त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे चाचण्यांच्या निकालांवर शाळांची प्रतिष्ठा, निधी आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या अवलंबून राहू लागल्या होत्या. २००२ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने ही बांधणी देशभर घट्ट केली.

शिकागोच्या शाळांतील उत्तरपत्रिकांचा अभ्यास करून ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत विज्ञानशिक्षकांना आवडेल अशी आहे. शिक्षकाने स्वतः उत्तरे भरली असतील तर दोन खुणा राहतील, असे त्यांनी धरले. पहिली, वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पत्रिकेत लागोपाठच्या प्रश्नांची अगदी सारखी उत्तरे. विशेषतः सोपे प्रश्न चुकवणाऱ्या मुलांची कठीण उत्तरे बरोबर. दुसरी, त्या वर्षी गुणांत एकदम उडी आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्यावर तितकीच घसरण. खरे शिकलेले मूल एका वर्षात एवढे विसरत नाही. दोन्ही खुणा एकत्र पाहिल्यावर, दर वर्षी निदान चार ते पाच टक्के वर्गांत असा प्रकार होतो, असा अंदाज निघाला. पुढे संशयित वर्गांची कडक देखरेखीखाली फेरचाचणी झाली आणि त्यांचे गुण कोसळले. ज्या वर्गांची प्रगती मोठी पण निर्मळ वाटत होती, त्यांचे गुण मात्र टिकून राहिले. चांगल्या शिक्षकावरचा संशय दूर झाला तोही मोजमापानेच.

अटलांटा शहरात २००९ च्या चाचण्यांमध्ये उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड तपासली गेली. मूल स्वतः उत्तर बदलते तेव्हा काही बदल चुकीकडून बरोबरकडे जातात, काही उलट, काही एका चुकीकडून दुसऱ्या चुकीकडे. संपूर्ण वर्गाची खोडाखोड एकाच दिशेने, चुकीकडून बरोबरकडेच गेलेली असेल तर ती योगायोगाने होण्याची शक्यता नगण्य असते. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे आली. त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांनी कबुली दिली. वरून येणारा दबाव आणि बोलणाऱ्याला होणारा त्रास यांचे वर्णनही अहवालात आहे. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले.

या शिक्षकांतील अनेकांना मुलांचे वाईट करायचे नव्हते. पण ज्या मुलाला वाचता येत नव्हते, त्याच्या पत्रिकेवर 'येते' असे लिहिले गेले, आणि म्हणून वाचनात मागे असलेल्यांना मिळणारी जादा मदत त्याला मिळाली नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. आपल्या खिशातून जात नाही ते त्या मुलाच्या खिशातून जाते.

नियम वाईट असेल तर?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७६ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या मोजमापावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवावेत, तितके ते मोजमाप बिघडत जाते आणि ज्याचे मोजमाप करायचे ती प्रक्रियाही बिघडते. इंग्लंड आणि अटलांटा ही दोन्ही त्याची उदाहरणे म्हणता येतील.

मग दोष नियमाचा की शिक्षकाचा? आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर एका बाजूला टाकून मोकळे होता येत नाही. लो यांचा नियम वाईट होता. पण हजेरीपत्रकातला 'ग' लो यांनी पुसला नाही. नियम वाईट असताना शिक्षकापुढे दोन वाटा होत्या. एक, नोंद फिरवून स्वतःपुरते निभावून नेणे. दुसरी, नोंद खरी ठेवून नियमाविरुद्ध बोलणे, तेही एकट्याने नाही तर संघटनेतून. पहिल्या वाटेने नियम पस्तीस वर्षे जगला. दुसऱ्या वाटेने तो अखेर गेला. व्यवसायनीती म्हटली की आपण फक्त वैयक्तिक सचोटीचा विचार करतो. पण एकट्या सचोटीला उपाशी ठेवून चालत नाही, तिला सहकाऱ्यांचा आधार लागतो. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात वेतन, कामाची परिस्थिती यांबरोबरच आचारसंहितेचाही उल्लेख आहे. ती संहिता शिक्षकांच्या संघटनांनीच तयार करावी, असे तिच्यात म्हटले आहे. जागतिक शिक्षकदिन याच तारखेला पाळतात.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यांतले एक असे, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी आणि गरज असेल तिथे त्याला जादा शिकवावे. आधी पाहावे, मग शिकवावे. पाहिलेले खरे लिहिले गेले नाही, तर पुढचे शिकवणे कोणासाठी करायचे?

वैद्य, वकील, हिशेबनीस यांच्या पेशांत नीतीचे नियम कशासाठी असतात? ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला ते स्वतः तपासता येत नाही म्हणून. रोग्याला आपल्या रक्ताच्या तपासणीचा आकडा पडताळता येत नाही, तो प्रयोगशाळेवर विसंबतो. आपल्या वर्गातल्या मुलाच्या आईवडिलांची स्थिती याहून वेगळी नाही. प्रगतिपुस्तकावर जे लिहिले ते खरे मानून ते सही करतात, किंवा अंगठा उठवतात.

विज्ञानशिक्षकाची जबाबदारी इथे थोडी अधिकच आहे. आपल्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग होतो. मुलाचे उत्तर ९.८ च्या आसपास येत नाही. तेव्हा आपण 'पुन्हा मोज, दोरीची लांबी कुठून घेतलीस ते दाखव' असे म्हणतो, की 'शेजारच्याचे वाचन उतरव आणि जर्नल पूर्ण कर' असे म्हणतो? दुसरे म्हटले तर त्या मुलाला गुरुत्वाकर्षणाविषयी काही कळत नाही. उत्तर आधी ठरते आणि वाचने मागून येतात, एवढे मात्र ते चांगले शिकते. पुढे हेच मूल प्रयोगशाळेत, कारखान्यात, पुलाच्या बांधकामावर नोंदी ठेवणार असते.

आता टेबलावरच्या त्या निकालपत्रकाकडे परत जाऊ. एकतीस गुणांच्या मुलाला पुढच्या वर्गात पाठवू नये, असे आमचे म्हणणे नाही. नियमाने सवलतीचे गुण देता येत असतील तर जरूर द्यावेत, आणि ते सवलतीचे म्हणून लिहावेत. एकतीस अधिक चार, असे. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ते चार दिसतात. अपूर्णांकांत गाडी अडली आहे, हे जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात कळते, आणि कोणाला जवळ बसवायचे ते ठरते. पेपरातच कुठेतरी पस्तीस करून टाकले, तर त्या मुलाची अडचण कोणालाच दिसत नाही. सवलत दोन्हीकडे सारखीच आहे. मुलाला मदत मिळण्याची वाट फक्त पहिल्यात उघडी राहते.

तेव्हा शिक्षक-खोलीत पुन्हा कोणी म्हणाले, "आपल्या खिशातून काय जातंय?", तर दोन शिलिंग आठ पेन्सांची ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी, आणि मग सगळ्यांनी मिळून ते चार गुण कुठे लिहायचे ते ठरवावे.